चुलीवरच्या अक्षता

"लोकांकडे बारसं होतं, मामा. आमच्याकडे बारशाचं नियोजन होतं!"

प्राध्यापक आत्माराम चुरी यांनी हे वाक्य सासऱ्यांना सुनावले आणि त्याचा परिणाम अजमावण्यासाठी चष्मा पुसायला घेतला. परिणाम काही झाला नाही. सासरे, म्हणजे आगाशीचे गंगारामशेठ, केळीच्या पाच वाड्यांचे आणि सोन्याच्या दोन दातांचे धनी, ओटीवरच्या वेताच्या खुर्चीत बसून सुपारी कातरत होते. पाहुणचाराचे त्यांचे माप सरळ होते. मागल्या दारी उष्ट्या पत्रावळींचा ढीग खिडकीच्या गजांना टेकला तर कार्य झाले. न टेकला तर, त्यांच्या शब्दांत, मीटिंग झाली.

"तांदळाचं पोतं धाडतो," ते म्हणाले.

"आवश्यकता नाही. घरटी एक माणूस, वर काही नातलग, मिळून चाळीस पानं. वरण, भात, बटाट्याची भाजी आणि शिरा. समाजाला कुणीतरी साधेपणाचा धडा घालून द्यायला हवा."

"आनि एक्केचाळिसावा आला तं?"

"येणार नाही!"

"आला तं?"

अशा प्रसंगी विद्वान मनुष्याने गप्प बसावे, असे सर्व प्राचीन ग्रंथ एकमुखाने सांगतात. आत्माराम वसईच्या कॉलेजात इतिहास शिकवत. ग्रंथ त्यांनी वाचले होते. गप्प बसण्याचा सराव मात्र कोणत्याच अभ्यासक्रमात नव्हता.

"मामा, उद्या माझ्या दारातून एक जरी माणूस उपाशी गेला, तर मुलाचं नाव तुम्ही ठेवा!"

आतल्या खोलीतून, बाळंतिणीच्या खाटेवरून, "अहो!" असा आवाज आला. तो प्रेमलताबाईंचा होता आणि नेहमीप्रमाणे अर्ध्या वाक्याने उशिरा आला होता.

ही पैज लहानसहान नव्हती. थोरलीचे नाव आत्मारामांनी संघमित्रा ठेवले होते, धाकटीचे प्रभावती. मुलगा झाला तर त्याचे नाव प्रद्योत ठेवायचे, हे त्यांनी लग्नाच्या वर्षीच ठरवले होते आणि पुढची बारा वर्षे, दोन मुलींच्या जन्मातून, ते नाव पेटीतल्या कोऱ्या कापडासारखे जपले होते. गंगारामशेठना नातवाचे नाव हरेश्वर हवे होते, कारण त्यांच्या वडिलांचे तेच होते. शिवाय त्यांना व्यावहारिक अडचणही दिसत होती.

"पोर विहिरीच्या काठावर गेलं नि हाक मारायची झाली, तं 'प्रद्योत' म्हनेपरेंत पोर बुडेल."

"आजोबा, हरेश्वर तर त्याहून लांब आहे," संघमित्रा म्हणाली. ती अकरा वर्षांची होती आणि वडिलांकडून तिने फक्त दुसऱ्याच्या चुका काढण्याची सवय उचलली होती.

"हाय ना लांब. पन तवर देव सोता उतरून पोराला वर काढतो."

आत्माराम आमंत्रणाला निघाले.

आमंत्रण करणे हे खरे पाहता त्यांच्या थोरल्या बहिणीचे, सुभद्राताईंचे काम. परंतु बारशासाठी मुद्दाम माहेरी आलेल्या सुभद्राताईंनी आल्या दिवशीच विहिरीच्या पायरीवर पाय मुरगळून घेतला होता. त्या पाटावर पाय पसरून बसल्या होत्या आणि तिथूनच राज्य चालवीत होत्या.

"आत्मा, वाटीत अक्षता घे. परत्येक घरी ठेव, हात जोड, नि चहा पिऊ नको. एका घरी प्यालास की तीस घरी प्यावा लागेल. नि अक्षता कुठं ठेवायच्या ते ऐकून जा."

"ताई," आत्माराम म्हणाले, "या विषयावर माझा निबंध आहे."

निबंध होता हे खरेच. 'उत्तर कोकणातील निमंत्रणविधी : एक चिकित्सा' या नावाने तो दोन वर्षांपूर्वी एका त्रैमासिकात छापून आला होता आणि त्याची एकेक प्रत आळीतल्या प्रत्येक घरी पोचती झाली होती. शेजारच्या यशोदाकाकूंच्या घरी ती लोणच्याच्या बरणीखाली आजही सुस्थितीत होती. चूल ही आदिम समाजात आतिथ्याचे केंद्र मानली जाते, असे तिच्यात म्हटले होते. तळटिपेत, तीन परदेशी पंडितांच्या आधाराने.

आळीची रीत मात्र तळटिपेहून जुनी होती आणि शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. अक्षता उंबऱ्यावर ठेवल्या की घरातले एक माणूस जेवायला येते. अक्षता चुलीवर ठेवल्या की त्या चुलीला सुट्टी: दुसऱ्या दिवशी ती पेटत नाही, आणि म्हातारीपासून तान्ह्यापर्यंत घरचे झाडून सगळे यजमानाकडे जेवतात. हा मान मोठा. तो द्यायला छाती लागते आणि कणगीत भात लागतो. आळीत असे आमंत्रण शेवटचे कधी झाले, यावर म्हाताऱ्यांची भांडणे होत.

आत्मारामांनी पहिल्या घरी, यशोदाकाकूंच्या उंबऱ्यावर, रीतसर अक्षता ठेवल्या. त्यांनी हात जोडेपर्यंत काकूंच्या तांबड्या कोंबडीने त्या वेचून खाल्ल्या.

आत्माराम थबकले. निमंत्रण कोंबडीच्या पोटात गेले असता ते पोचले असे मानावे काय? त्यांनी पुन्हा ठेवल्या. कोंबडी पुन्हा आली, आणि या खेपेला मैत्रिणीला घेऊन आली. आळीत दर घरामागे निदान पाच कोंबड्या होत्या. त्यांना पद्धतच सदोष दिसू लागली. शतकानुशतके हा समाज कोंबड्यांना बारशाची निमंत्रणे देत आला होता आणि एकाच्याही लक्षात आले नव्हते!

"काकू, कोंबड्या जात नाहीत अशी जागा घरात कोणती?"

"चुलीपाशी नाय जात. एकदा एकीची पिसं जळली, तवापासून."

"उत्तम!" आत्माराम म्हणाले, वहाणा काढून सरळ स्वयंपाकघरात गेले आणि चुलीच्या कडेवर, राख फुंकून, चिमूटभर अक्षता ठेवल्या.

यशोदाकाकूंचा हात तोंडावर गेला.

"मास्तर! चुलीवर?"

"चुलीवरच."

"म्हंजे... समद्यांनी यायचं?"

"समद्यांनी," आत्माराम औदार्याने म्हणाले. आळीतील सर्व घरे, असा त्यांचा अभिप्राय होता. "मी कुणालाही वगळणारा माणूस नाही."

काकूंचे डोळे भरून आले. बायकोच्या बाळंतपणाने हा मनुष्य इतका बदलला, हे त्यांना कुणाला तरी सांगायचे होते. आणि आत्माराम पुढच्या घरी पोचण्याआधी परसदारातून ते सांगूनही झाले.

पुढच्या घरांत कोंबडीचा प्रश्न त्यांनी उपस्थितच होऊ दिला नाही. ते आत शिरत, चूल विचारत, अक्षता ठेवत, हात जोडत. बायका पदर सावरून वाकून नमस्कार करू लागल्या. एका घरी चूल जाऊन नुकतीच गॅसची शेगडी आली होती. तिथे त्यांनी दोन बर्नरच्या मधोमध ठेवल्या. आळीच्या तोंडाशी राहणाऱ्या जॉन आणि आल्बिना यांच्याकडेही ते गेले.

"प्रोफेसर, चुलीवर?" आल्बिनाबाई म्हणाल्या. "आमच्या पोरीच्या लग्नातपन असा मान आमी कोनाला दिला नाय!"

"जॉनचा नि माझा शेजार जुना आहे," आत्माराम म्हणाले, आणि आपण किती सहज लोकप्रिय होतो याचे त्यांचे त्यांनाच आश्चर्य वाटले.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, सकाळी ते सासऱ्यांशेजारी ओटीवर उभे राहिले आणि त्यांनी छाती भरून श्वास घेतला.

"पाहिलंत, मामा? काय स्वच्छ हवा आहे! एरवी या वेळी धुराने डोळे चुरचुरतात. समाजात हळूहळू जागृती होते आहे."

गंगारामशेठनी मान वर केली. जावयाचे घर सोडले तर आळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कौलांवर धुराची एक रेघ नव्हती. त्यांनी एकदा कौलांकडे पाहिले, एकदा जावयाकडे पाहिले, आणि सुपारी नेहमीपेक्षा बारीक कातरायला घेतली.

"खरं हाय," ते म्हणाले. "जागृती झालीय."

आणि ते गप्प बसले. सांगितले असते तर आगाशीहून तांदूळ यायला अजून वेळ होता. परंतु मनुष्य पैज लावून बसला की त्याचा परोपकार जरा मागे सरकतो, मग दात सोन्याचे असोत की साधे.

शेवटी छडा लावला तो प्रेमलताबाईंनी, आणि तोही खाटेवरून न उठता.

"अहो, इकडे या. यशोदाकाकूंकडे रोज या वेळी लसणाची फोडणी पडते. मला इथे ठसका लागतो. आज का नाही लागला?"

"काकूंच्या फोडणीचा मी अभ्यास केलेला नाही."

"काल अक्षता कुठे ठेवल्यात?"

"सुरक्षित जागी."

"कुठे?"

"चुलीवर."

बाळ शिंकले.

"एकाच घरी ना?"

"पद्धत सगळीकडे एकच असावी लागते," आत्माराम म्हणाले. पण हे म्हणतानाच बायकोचा चेहरा पाहून त्यांना कसली तरी शंका आली.

प्रेमलताबाईंनी त्यांना चार वाक्यांत रीत समजावली. त्रैमासिकाने पंधरा पाने घेतली होती.

"तीस घरं, घरटी सात-आठ तोंडं. अडीचशे माणसं उपाशी पोटी आपल्या दारात येताहेत, आणि तुमच्याकडे चाळिसांचा भात आहे!" त्या म्हणाल्या. "आताच्या आता जा. हात जोडा. म्हणा, चूक झाली, मला ठाऊक नव्हतं."

चूक झाली एवढे म्हणायला आत्माराम एक वेळ तयार झाले असते. 'मला ठाऊक नव्हतं' हे शब्द मात्र त्यांच्या घशातून बाहेर पडण्यासारखे नव्हते. निबंध घरोघर पोचलेला होता! आणि भात कमी पडला तर प्रद्योतचा हरेश्वर होणार होता. त्यांनी तिसरा मार्ग काढला. विद्वान असाच काढतो.

"कारण सांगण्याची गरज नाही. ठेवलेल्या अक्षता मी शांतपणे उचलून घेतो. चुली पेटतील."

"अहो, उचलून घेऊ नका! चुलीवरून अक्षता उचलतात ते..."

पण ते बाहेर पडले होते.

यशोदाकाकू न्हाऊन, ठेवणीतले लुगडे नेसून, वेणी माळत होत्या. आत्माराम काही न बोलता आत गेले, चुलीवरच्या अक्षता एकेक करून उचलून खिशात टाकल्या आणि खाली मान घालून वळले.

काकूंच्या हातातली वेणी पडली.

"मास्तर! काय झालं? कोन...?"

"काकू, काही विचारू नका. आजचा समारंभ व्हायचा तसा होणार नाही. तुम्ही चूल पेटवा."

चुलीवर ठेवलेली अक्षत आळीत एकाच कारणाने उचलली जाते, आणि ते कारण बारसे नव्हे. प्रेमलताबाईंचे अर्धे राहिलेले वाक्य यशोदाकाकूंनी गळा काढून पूर्ण केले. त्यांचा गळा शेतीवरच्या माणसाचा होता; दोन वाड्या पलीकडचा बैल त्याने थांबे. आत्माराम दुसऱ्या घरी पोचले तेव्हा तिथे आधीच रडणे सुरू होते. तिसऱ्या घरी त्यांच्या खांद्यावर कुणीतरी हात ठेवला. चौथ्या घरी त्यांना पाणी पाजण्यात आले. पाचव्या घरी न जाता ते परत फिरले, आणि सगळी आळी डोळे पुसत त्यांच्या मागून आली.

इकडे ओटीवर गंगारामशेठना डुलकी लागली होती. खुर्चीत मान मागे टाकून, डोळे मिटून, तोंड किंचित उघडे ठेवून ते निश्चल बसले होते आणि उन्हात त्यांचे दात चमकत होते. अंगणात आलेल्या माणसांना अधिक पुराव्याची गरज भासली नाही. बायकांनी पदर तोंडात धरले. पलीकडच्या आळीतला काळूराम, जो तिरडी बांधण्यात अख्ख्या पंचक्रोशीत हुशार गणला जाई, चार बांबू आणि सुंभाचा गुंडा घेऊन हजर झाला होता. तो खुर्चीपुढे उभा राहिला आणि एक डोळा मिटून गंगारामशेठना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळू लागला.

गंगारामशेठनी डोळे उघडले.

"काय बघतोस रे?"

काळूराम दोन पावले मागे सरला. पण कारागीर तो कारागीर.

"काय नाय, बाबा. बांबू आखूड पडला असता."

तेव्हा हे गेलेले नाहीत, एवढे निश्चित झाले. मग गेले कोण? सुभद्राताई लंगडत स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, त्या जिवंत होत्या. आत बाळ रडत होते, बाळंतीण खणखणीत आवाजात "वरणात पाणी ओता!" म्हणून सांगत होती. मास्तर स्वतः समोर उभे होते, जरी त्यांच्या चेहऱ्यावरून तसे वाटत नव्हते. परंतु दुःखाच्या घरी नाव विचारू नये, ते आपोआप कळते, अशीही एक रीत होती. कुणीही विचारले नाही. सर्वजण बसले.

आणि मग अन्न येऊ लागले.

ज्या घरी मरण येते त्या घरी चूल पेटत नाही. शेजारपाजारचे शिजवून आणतात. आळीतल्या चुली थंड होत्या, पण बातमी आळीत थोडीच थांबते? पलीकडच्या आळीतून पिठले-भाताची पातेली आली. खालच्या वाड्यांतून भाकऱ्यांच्या चवडी आल्या. आल्बिनाबाईंनी बातमी ऐकताच चूल पेटवून शिजवलेले डाळीचे मोठे पातेले दोन माणसांकडून उचलून आणवले, आणि जॉन सायकल मारत माणिकपूरहून पावांची करंडी घेऊन आला.

"प्रोफेसर, धीर धरा," जॉन म्हणाला आणि त्याने टोपी काढली. "आमी हाय."

आत्मारामांनी तोंड उघडले, पातेल्यांकडे पाहिले आणि तोंड मिटले. अडीचशे माणसांचे जेवण अंगणात उभे होते. ते नाकारण्याइतके सत्य त्या क्षणी त्यांच्यापाशी नव्हते.

ऊन चढले तसे काळूरामच्या बांबूंवर चादर टाकून सावली केली. त्या सावलीत पंगती बसल्या. संघमित्रा आणि धाकटी प्रभावती शिरा वाढत होत्या, पलीकडच्या आळीच्या बायका पिठले वाढत होत्या. शिरा घेताना लोक हसत, पिठले घेताना उसासा टाकत. शिरा-पिठले हा शिकलेल्या लोकांचा नवा बेत असावा, अशी काहींची समजूत झाली. रंगीत कागदांनी सजवलेला पाळणा पाहून एक म्हातारी दुसरीला म्हणाली, "मेल्यावर जन्म हाय, हे किती समजावून दाखवलंय!" आणि दुसरीने डोळे पुसून आणखी शिरा मागितला.

सगळे जेवले. काळूराम तीनदा जेवला. मागल्या दारी पत्रावळींचा ढीग खिडकीच्या गजांना टेकला.

आत्माराम सासऱ्यांसमोर येऊन उभे राहिले. सदऱ्याला पिठले लागले होते, तरी मान ताठ होती.

"मामा, माझ्या दारातून एकही माणूस उपाशी गेला नाही. मुलाचं नाव प्रद्योत!"

"जिंकलात, जावयबापू. आमी कुठं नाय म्हनतो?" गंगारामशेठ मनापासून म्हणाले आणि त्यांनी अंगणाकडे हनुवटी उडवली. "आता उठून मंडळींना सांगा, मेलं कोन."

अंगणात अडीचशे माणसे जेवून, हात धुऊन, शांतपणे बसून होती. कुणी उठत नव्हते. दुःखाच्या घरी जेवायचे आणि कोण गेले हे न कळता घरी यायचे, एवढी अनास्था आळीत नव्हती. पहिल्या रांगेत यशोदाकाकू होत्या. त्यांच्याकडे निबंधाची प्रत होती.

आत्मारामांची मान हळूहळू सैल झाली.

"मामा," ते हलक्या आवाजात म्हणाले, "तुम्ही वडीलधारे आहात. तुमच्या शब्दाला मान आहे. तुम्ही काही सांगितलंत, तर लोक..."

"सांगतो की! असं सांगतो की तुमाला पुन्ना कोन एक अक्षर इचारनार नाय." गंगारामशेठनी सुपारीचे खांड तोंडात टाकले. "पन आमच्या वडलांचं नाव हरेश्वर होतं, तुमाला ठाऊकच हाय."

आतल्या खोलीच्या दारातून प्रेमलताबाई बघत होत्या. सुभद्राताई पाळण्याशी बाळाच्या कानाजवळ तोंड नेऊन थांबल्या होत्या.

"आत्मा, लवकर बोल. पायाला कळ लागलीय. काय नाव?"

इतिहासात राज्ये याहून कमी कारणांसाठी गेली आहेत. आत्मारामांनी अंगणाकडे पाहिले, यशोदाकाकूंकडे पाहिले, आणि बारा वर्षे पेटीत जपलेले कापड दुसऱ्याच्या हाती दिले.

"हरेश्वर."

"कुर्र!" सुभद्राताईंनी बाळाच्या कानात नाव सांगितले. बायकांनी रीतीप्रमाणे त्यांच्या पाठीत धपाटे घातले. बाळाने भोकाड पसरले.

गंगारामशेठ शब्दाचे पक्के होते. ते खुर्चीतून उठले, ओटीच्या पायरीवर आले, आणि त्यांनी दोन्ही हात वर केले.

"मंडळी," ते म्हणाले, "कोन मेलेलं नाय. आमचे जावय शिकलेले हायत, येवढंच."

अंगणातून "असं होय!" असा एक सुटकेचा हुंकार निघाला. काळूरामने सावलीची चादर घडी करून सुभद्राताईंना दिली आणि बांबू खांद्यावर टाकले. यशोदाकाकूंनी जाता जाता आत्मारामांच्या डोक्यावरून मायेने हात फिरवला. गंगारामशेठनी वचन दिले होते ते अक्षरशः खरे झाले: त्या दिवसानंतर आळीत आत्मारामांना कुणी कधी काही विचारले नाही.